बेडकाची कातडी आणि मेडिकलचं काउंटर



जंतू औषधांना दाद का देत नाहीत, अर्धवट कोर्स, सर्दीपडशाला ॲंटिबायोटिक, हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही. मी बेडकापासून सुरुवात करतो.

मायकेल झॅस्लॉफ हे अमेरिकेतले संशोधक. आफ्रिकन बेडकीचं पोट चिरायचं, अंडाशय काढायचा, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं, असं त्यांचं काम चाले. टाकीचं पाणी जंतूंनी भरलेलं, तरी जखमा चिघळत नव्हत्या. कातडी तपासली तेव्हा 23 अमिनो आम्लांची एक छोटी माळ सापडली. 1987 साली त्यांनी तिला ‘मॅगेनिन’ म्हटलं. हिब्रूत ‘मॅगेन’ म्हणजे ढाल. अशा माळांना पेप्टाइड म्हणतात. त्या आपल्या घामातही असतात.

ही माळ धनभारित, जंतूचं कवच ऋणभारित. ती जाऊन कवचाला चिकटते आणि पापुद्राच फाडते. मग जंतू सुटणार कसा? टाळ्या थांबवा, तो सुटतो.

हे ठाऊक आहे, कारण असं एक पेप्टाइड आपल्या हाती 1949 पासून आहे. मातीतल्या जंतूपासून मिळालेलं कॉलिस्टिन. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून ते मागे पडलं होतं. बाकीची औषधं निकामी झाली तेव्हा नाइलाजानं परत आणलं. माझे थोरले मामा पूर्णाकाठचे, साखरेचे पेशंट. पऱ्हाटीचं खुंट पायात गेलं. आठ दिवस हळद दाबली, मग गावातून गोळ्या, मग दुसऱ्या गोळ्या. पाय काळा पडायला लागला तेव्हा अकोल्याला नेलं. तपासणीत एकच औषध चालेल असं निघालं, कॉलिस्टिन. मामी रोज सकाळी मूत्रपिंडाच्या तपासणीचा, क्रिएटिनिनचा कागद घेऊन जिन्यात उभी असायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आकडा कालच्यापेक्षा मोठा आहे एवढं कळायचं. पाय वाचला. मूत्रपिंडं पूर्ववत झाली नाहीत. आपण खारपाणपट्ट्यातली, खारं पाणी पिणारी माणसं, मूत्रपिंडाचं दुखणं काय असतं हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

हेच कॉलिस्टिन आपण कोंबड्यांना खाऊ घालत होतो, वजन वाढावं म्हणून! 2015 साली चीनमध्ये डुकरांतल्या जंतूंत एक जनुक सापडलं. ते कवचाचा ऋणभार कमी करतं, मग कॉलिस्टिन नीट चिकटतच नाही. वर ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. भारतानं जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कॉलिस्टिनवर बंदी घातली.

औषध वाटेल तसं वापरलं की जंतू सुटतो, तो असा. म्हणून मी म्हणतो, नवीन पेप्टाइडाचं नशीब प्रयोगशाळेत ठरणार नाही, ते मेडिकलच्या काउंटरवर ठरेल. मागं बसलेल्या दुकानदार मंडळींत कुजबुज सुरू झाली. भाऊ, रागावू नका. “दोन गोळ्या द्या, अंग दुखून राह्यलं,” असं म्हणणारे आम्हीच. डॉक्टरांनी न लिहिलेलं मागणारेही आम्हीच. पण देणारा हात तुमचा आहे, हे मी मागं घेणार नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर भरभर सांगतो. मॅगेनिनपासून बनवलेलं पेक्सिगनान हे मलम मधुमेही पायाच्या जखमेसाठी होतं, अगदी मामांसारख्यांसाठी. 1999 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली नाही. चालू गोळ्यांपेक्षा ते सरस ठरलं नाही. पेप्टाइडं पोटात पचून जातात, बनवायला महाग पडतात. तरी काम थांबलेलं नाही. आपल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं 2010 साली ‘कॅम्प’ हा अशा पेप्टाइडांचा संग्रह जगासमोर मांडला. नवीन माळ जंतू मारेल का, याचा अंदाज त्यावर बांधता येतो. बेडूक न चिरता. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं, राहिलं.

घंटा झाली. एवढंच मागतो: घरी गेल्यावर औषधाचा डबा उघडा. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाला देऊ नका. शेजाऱ्याला नाही, गड्याला नाही, घरच्या लेकराला तर नाहीच.