तुपाचा पोटातला प्रवास

गरम वरणभातावर सोडलेलं तूप जठरात पोचतं, पण तिथे त्याचं फारसं काही होत नाही. खरं काम लहान आतड्यात चालतं. साबणानं ताटाचा तेलकटपणा सुटावा तसं यकृतातून आलेलं पित्त स्निग्धाचे बारीक थेंब करतं आणि स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्या थेंबांवर तुटून पडतं.

पुढे मात्र स्निग्धातून सुट्या झालेल्या मेदाम्लांच्या, त्यांच्या कार्बन-साखळीच्या लांबीनुसार, वाटा फुटतात. तुपात थोडंसं असणारं ब्युटिरिक आम्ल आखूड साखळीचं. ते रक्तातून सरळ यकृताकडे जातं. शेंगदाणा तेलातली लांब साखळीची मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत. ती आतड्याच्या पेशींत पुन्हा जोडली जातात, प्रथिनांच्या वेष्टनात बांधली जातात आणि लसिकावाहिन्यांतून वर चढत मानेच्या डाव्या बाजूला रक्तात मिसळतात. यकृताला चक्क वळसा घालून! खोबरेल तेलाचा गौरव मध्यम साखळीचं तेल म्हणून होतो खरा, पण त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि तेही बरंचसं याच लांबच्या वाटेनं जातं. जाहिरातींत हे ऐकू येत नाही.

१ ग्रॅम स्निग्धातून ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. पण स्निग्ध म्हणजे नुसतं इंधन नव्हे. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्लं शरीराला बनवताच येत नाहीत. यांतलं दुसरं जवसात भरपूर असतं. अख्खं जवस मात्र बरंचसं तसंच बाहेर पडतं, म्हणून भाजून कुटलेली चटणीच बरी. गाजराच्या कोशिंबिरीवरही फोडणी हवी, कारण त्यातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही.