फिटचा आजार आणि मूल होऊ देण्याचा निर्णय



चारचौघांत न बोलला जाणारा विषय आम्ही उभयतां आज मांडत आहोत. सौ.ना लग्नाआधीपासून फिट येतात. हे दोन्ही घरांना ठाऊक होते. मुलाचा विषय निघाला तेव्हा मात्र मावशी म्हणाल्या, "मूल झालं की फिट आपोआप जाते." काका म्हणाले, "मुलालाही तेच होईल." दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. बाळंतपणाने हा आजार बरा होत नाही. मुलाला तो होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुसंख्य मुलांना तो होत नाही.

या भीतीला एके काळी कायद्याचाही आधार होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरे येणे हा विवाहातील अडसर ठरला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९९ साली ती अट काढून टाकली गेली. कायद्यातून गेलेली अट आपल्या मनातूनही जायला हवी.

खरा प्रश्न औषधांचा आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भारपणात चालू असल्यास शंभरांत सुमारे दहा बाळांना जन्मजात व्यंग होते, तर तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरॅसिटॅम यांचा धोका पुष्कळ कमी आहे. मात्र भीतीपोटी गोळ्या स्वतःहून बंद करणे घातक. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

बाळाच्या मेंदूची व मणक्याची घडण पहिल्या चार आठवड्यांतच सुरू होते. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत तो काळ सरत येतो. म्हणून औषध बदलणे आणि फॉलिक ॲसिड सुरू करणे हे दिवस राहण्यापूर्वीच व्हावे. कर्जाच्या कागदावर सहीपूर्वी अटी वाचा, असे बँकेत आम्ही रोज सांगतो, येथेही तेच.

आम्ही तीन वर्षे थांबलो. डॉक्टरांनी औषध बदलले, एक वर्ष फिटविना गेले, मग निर्णय घेतला. बाळंतपणानंतर रात्रीचे जागरण आम्ही वाटून घेतले, कारण झोपमोडीने फिट येते. बाळाची आंघोळ सौ.नी एकटीने घालायची नाही, असेही ठरवले. मुलगी आता आठवीत आहे.

केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अशा गर्भवतींची नोंद ठेवली जाते. आपल्या पुण्यात यशोदा वाकणकर यांची संवेदना फाउंडेशन फिट येणाऱ्यांना एकत्र आणते, त्यांची लग्ने जुळवण्यास मदत करते. अशा ठिकाणी गेले की आपण एकटे नाही हे कळते.

सर्व जाणून घेऊन एखाद्या जोडप्याने मूल नको ठरवले, तर तोही तितकाच योग्य निर्णय आहे. त्यांना वांझ म्हणून हिणवू नये. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या घरी हा प्रश्न आला तर आधी डॉक्टरांना विचारा, मग एकमेकांना विचारा. निर्णय त्या दोघांचा. आपण नातेवाइकांनी फक्त पाठीशी उभे राहायचे.

जयभीम!