‘वेस्ट’ शब्दाचा गोतावळा

मुंबईच्या लोकल गाडींतून उतरतांना ‘वेस्ट’ हा शब्द कानीं पडला, म्हणजे प्रवाशाचे पाय आपोआप स्टेशनच्या पश्चिमेकडे वळतात. शिंप्याच्या दुकानांत तोच शब्द उच्चारला गेला, तर मापाची फीत कमरेभोवतीं फिरते. कापडाच्या दुकानांत त्याचा अर्थ अंगांत घालावयाची बंडी असा होऊं शकतो. आणि कारखान्यांत कामगारानें ‘वेस्ट’ मागितलें, तर यंत्राचें तेल पुसण्यासाठीं त्याच्या हातांत सुताचा बोळा पडतो. इंग्रजींत हे चार शब्द निरनिराळे लिहिले जातात. मराठी कानाला मात्र ते एकच भासतात, व देवनागरी लिपींतही त्यांचा वेष एकच असतो. दिशा, कंबर व बंडी यांच्याविषयीं कोणाची फसगत झाली, तर ती क्षणभराची. चवथा शब्द तितका सरळ नाहीं. कोशांत लहान दिसणारा हा शब्द व्यवहारांत फार दूरवर पसरलेला आहे, आणि त्याच्या एका अर्थानें पुष्कळ लोकांच्या पायांखालची जमीन काढून घेतलेली आहे.

या शब्दाचें मूळ लॅटिन ‘वास्तुस’ या विशेषणांत आहे. संस्कृत ‘वास्तु’शीं त्याचें कांहीं नातें नाहीं, अर्थ तर नेमका उलट. वास्तु म्हणजे राहण्याची जागा, आणि ‘वास्तुस’ म्हणजे निर्जन, रिकामें, ओसाड. नॉर्मन लोकांच्या फ्रेंच भाषेंतून तो इंग्लंडांत आला. अफाट या अर्थाचा ‘व्हास्ट’ हा इंग्रजी शब्द त्याचाच भाऊ. कारण जेथें मनुष्यवस्ती नाहीं तेथें नजरेला कोठेंच अडथळा होत नाहीं. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध आणखी मागें नेऊन तो संस्कृत ‘ऊन’ शब्दाशीं, म्हणजेच मराठींतील ‘उणें’शीं जोडतात. गरज व उणीव दर्शविणारा इंग्रजी ‘वाँट’ हाही त्याच कुळांतला. जो उधळीत नाहीं त्याला उणें पडत नाहीं, अशा आशयाची इंग्रजींत म्हण आहे. तिच्यांत हे दोन दूरचे आप्त शेजारीं बसलेले दिसतात.

या एका शब्दासाठीं मराठींत किती शब्द लागतात, हें पाहण्यासारखें आहे. पैसा उधळला जातो, वेळ दवडला जातो, श्रम वायां जातात, धान्य नासतें, शरीर झिजतें, कागद रद्दींत जातो, जमीन पडीक राहते आणि शत्रूची धाड आली म्हणजे गांव बेचिराख होतें. इंग्रजाचें या आठही ठिकाणीं एका ‘वेस्ट’वर भागतें. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकांत बंदींत पडलेला राजा कालाविषयीं बोलतांना हेंच क्रियापद एकाच वाक्यांत दोन अर्थांनीं वापरतो. मराठी भाषांतरकाराला तेथें एकदां ‘दवडणें’ व एकदां ‘झिजविणें’ असें म्हणावें लागतें, आणि मूळ वाक्यांतला डंख हातचा निसटतो. मराठीच्या बाजूनेंही सांगण्यासारखें आहे. ‘बेचिराख’ म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. ओसाडपणा दाखविण्यास याहून बोलका शब्द क्वचितच सांपडेल. आणि वस्ती उठून गेलेल्या गांवासाठीं तो महसुलाच्या कागदोपत्रींही योजला जात असे.

तथापि ही शब्दसंपत्ति मोजून थांबणें पुरेसें नाहीं. मराठी शब्द वस्तूचा कांहीं इतिहास सांगतात. ‘उष्टें’ म्हटलें कीं, कोणीतरी जेवून गेलें आहे हें समजतें. ‘चिंधी’ म्हटलें कीं, ती एका मोठ्या वस्त्राचा भाग होती हें कळतें. ‘वेस्ट’ हा शब्द केवळ निकाल सांगतो: ही वस्तु निरुपयोगी आहे. ती कोणाला निरुपयोगी आहे, हें तो सांगत नाहीं.

व्यापाऱ्यांच्या पेढीवरील एक उदाहरण या दृष्टीनें उद्बोधक आहे. जुन्या इंग्रजी जमाखर्चांत तीन वह्या असत. दिवसभराचे व्यवहार घडतील तसे जिच्यांत टिपावयाचे, त्या पहिल्या कच्च्या वहीला ‘वेस्ट बुक’ म्हणत. मराठी पेढीवरचा तो खर्डा होय. त्यावरून कीर्द व कीर्दीवरून खतावणी तयार झाली, म्हणजे खर्ड्याची किंमत संपली. आयझॅक न्यूटन याला त्याच्या सावत्र बापाची, बार्नबस स्मिथ नांवाच्या धर्मोपदेशकाची, एक भलीमोठी वही मिळाली होती. स्मिथनें तिच्यांत धर्मविषयक मथळे घालून ठेवले होते. पण बरीचशीं पानें कोरींच राहिलीं. १६६४ च्या सुमारास न्यूटननें त्या पानांवर गणित मांडण्यास आरंभ केला व वहीला ‘वेस्ट बुक’ असेंच नांव दिलें. कलनशास्त्राचे व गतिविषयक नियमांचे त्याचे कित्येक आरंभींचे विचार त्या पानांवर आहेत, आणि केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ती वही आज जपून ठेवलेली आहे. जीं पानें सावत्र बापाच्या उपयोगीं पडलीं नाहींत, त्यांवर मुलानें नवें शास्त्र रचलें. पान तेंच होतें. फक्त त्याकडे पाहणारा मनुष्य बदलला. कारखान्यांतील सुताच्या बोळ्याचीही हीच कथा. तो कापूसगिरणीला टाकाऊ असतो, आणि यंत्र चालविणारा तो पैसे मोजून विकत घेतो.

इंग्लंडच्या कायद्यानें मात्र या शब्दाला फार जुना व नेमका अर्थ दिलेला आहे. एखाद्याला जमीन किंवा वाडा केवळ हयातीपुरता मिळालेला असतो. त्याच्यामागें ती मिळकत दुसऱ्याकडे जावयाची असते. अशा हयातीच्या धन्यानें इमारती लाकडाचे वृक्ष तोडले, नव्या खाणी उघडल्या किंवा घर मोडलें, तर त्यानें ‘वेस्ट’ केलें असें कायदा म्हणतो. हातानें मोडणें हा एक प्रकार. छप्पर गळत असतां स्वस्थ बसणें हा दुसरा. कुरण नांगरून त्याचें शेत करणें हेंही जुन्या न्यायपंडितांनीं वेस्टमध्येंच गणिलें होतें. १२७८ सालच्या ग्लॉस्टरच्या कायद्यानें अशा कृत्याला तिप्पट भरपाई व ती जागा गमावणें अशी शिक्षा ठरविली.

याविषयीं लॉर्ड बर्नार्ड यांचा खटला प्रसिद्ध आहे. मुलाच्या लग्नाच्या वेळीं त्यांनीं रेबी येथील आपला किल्लेवजा वाडा मुलाकडे जाईल अशी व्यवस्था केली व स्वतःकडे हयातीचा हक्क ठेवला. वेस्टबद्दल त्यांना जाब विचारला जाऊं नये, असें कलमही दस्तऐवजांत होतें. पुढें मुलावर रुष्ट होऊन त्यांनीं दोनशें मजूर लावले आणि शिसें, लोखंड, कांच, दरवाजे व फळ्या असा सुमारें ३,००० पौंडांचा ऐवज वाड्यावरून उतरविला. १७१६ सालीं चॅन्सरी न्यायालयानें हें काम थांबविलें व वाडा पूर्ववत् करून देण्याचा हुकूम केला. कागदावर मुभा असली, तरी मिळकतीचा समूळ नाश करण्याची ती मुभा नव्हे, असा त्याचा मथितार्थ. हिंदुस्थानांतही १९५६ पूर्वीं हिंदु विधवेला पतीची मिळकत बहुधा मर्यादित हक्कानेंच मिळे, आणि तिच्या हातून नासधूस होते असें वाटल्यास पुढील वारस ‘वेस्ट’ या सदराखालीं न्यायालयांत जात. अनेकदां हें संरक्षण त्या बाईला जाचकही होई; १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तिला पूर्ण मालकी दिली. असें असलें तरी, या अर्थाचें एक वैशिष्ट्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कायद्याच्या भाषेंत वेस्ट ही वस्तु नसून कृति आहे, आणि जो आज समोर नाहीं त्याच्याविरुद्ध ती घडते.

जमिनीच्या बाबतींत हाच शब्द उलट दिशेनें गेला. इंग्लंडांत खेड्याभोंवतालच्या बिननांगरलेल्या जागेला ‘वेस्ट’ म्हणत. वस्तुतः तेथें गरिबांचीं गुरें चरत व तेथूनच त्यांचें जळण येई. जॉन लॉकनें १६८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत, केवळ निसर्गावर सोडलेली जमीन वेस्टच होय, असें प्रतिपादन केलें. पुढें अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटनें हजारों कायदे करून अशा सामाईक जागांस कुंपणें घालूं दिलीं. हिंदुस्थानांत १८७८ च्या व नंतर १९२७ च्या वन-कायद्यानें सरकारच्या मालकीची वनभूमि अथवा ‘वेस्ट लँड’ राखीव जंगल म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारला दिला. हक्कांच्या चौकशीची तरतूद कायद्यांत होती. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला कागदाचा पुरावा कोठून आणावयाचा? या काळांत व स्वातंत्र्यानंतरही वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हें अखेर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेंत मान्य करण्यांत आलें.

दख्खनच्या माळरानाचें उदाहरण तर घराजवळचें आहे. शासकीय वर्गीकरणांत खुरट्या झुडुपांच्या व गवताच्या कित्येक जमिनी ‘वेस्ट लँड’ ठरल्या, आणि झाडें लावून त्या सुधारण्याचे बेत झाले. पण धनगरांचीं मेंढरें याच माळावर चरतात, व माळढोक पक्ष्याला मोकळें गवताळ रानच लागतें. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज परिसराचा समावेश असलेलें अभयारण्य १९७९ सालीं स्थापन झालें, तें या पक्ष्यासाठींच. तेव्हां नकाशावर जें रिकामें, तें मेंढपाळाला व पक्ष्याला भरलेलें होतें. येथें केवळ मराठी शब्दाचा अभिमान बाळगून चालणार नाहीं. ‘वेस्ट लँड’ला ‘पडीक’ हा प्रतिशब्द देऊन मराठी कागदांनींही तोच निकाल पुढें चालविला. एरव्हीं शेतकरी जमीन पडीक टाकी, ती पुष्कळदां तिला विसांवा मिळावा म्हणून.

शहरांतील घरांत हा शब्द आतां मुख्यतः कचऱ्याच्या डब्याबरोबर येतो. २०१६ च्या नियमांनीं ओला, सुका व घातक कचरा घरांतच वेगळा करण्याचें बंधन घातलें. भाजीचीं देठें व फळांचीं सालें एका डब्यांत गेलीं, तर त्यांचें खत होतें. कांच व औषधें यांच्याबरोबर गेलीं, तर त्यांची केवळ घाण होते, व तींत कोणाचे तरी हात बुडतात. उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते, असें जुनीं माणसें म्हणत. बारा वर्षें थांबण्याचें कारण नाहीं. एखाद्या वस्तूला, जमिनीला किंवा मनुष्याच्या श्रमाला ‘वेस्ट’ म्हणण्यापूर्वीं तें कोणाच्या दृष्टीनें, एवढें विचारलें तरी पुरे. त्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां डब्याशीं येऊन थांबलेल्या सफाईकामगाराजवळ असतें.