गरोदरपणातील एमआरआय : भीती आणि खबरदारी

एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून संदेश मिळवले जातात आणि त्यांतून प्रतिमा तयार होते. एक्स-रे खोलीच्या दारावर ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ अशी पाटी असते. तीच धास्ती एमआरआयलाही चिकटते आणि गरजेची तपासणी बाळंतपणानंतरपर्यंत लांबवली जाते. औंढा तालुक्यातून हिंगोली, परभणी किंवा नांदेड गाठलेल्या बाईला तपासणीविना परत पाठवणे म्हणूनच गंभीर आहे. पूर्णेकाठी सिद्धेश्वर येथे भरलेल्या या परिषदेत डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका आणि आशाताई यांचे स्वागत करताना स्वागत समितीला हा विषय सर्वांत निकडीचा वाटतो.

गरोदर स्त्रियांच्या एमआरआय प्रतिमा 1983 पासून घेतल्या जात आहेत. कॅनडातील ओंटारियो प्रांतात 2003 ते 2015 या काळातील 14 लाखांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय झाला म्हणून बाळाला धोका वाढल्याचे त्यांत आढळले नाही. मात्र गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट इंजेक्शन घेतलेल्या 397 गर्भारपणांत मृतजन्म व नवजात मृत्यूंचे प्रमाण अधिक दिसले. संख्या लहान असली तरी इशारा डावलण्याजोगा नाही. हे द्रव्य वारेतून गर्भात जाते, बाळाच्या लघवीतून गर्भजलात उतरते आणि बाळ ते पुन्हा गिळते. म्हणून त्यावाचून निदान अडत असेल तरच ते द्यावे. बाळंतिणीला दिले तर अंगावर पाजणे थांबवण्याचे कारण नाही, मात्रेच्या 0.04 टक्क्यांहूनही कमी अंश दुधात उतरतो.

रेडिओ लहरींनी शरीर किंचित तापते. त्यासाठी यंत्र ‘नॉर्मल’ मर्यादेतच चालवायचे असते. यंत्राच्या आवाजापासून बचावासाठी आईच्या कानांत बोळे घालतात. पाचव्या महिन्यानंतर तिला डाव्या कुशीवर झोपवले की मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येत नाही.

खरी आणि तत्काळ जोखीम चुंबकाची आहे. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआय खोलीत नेलेले ऑक्सिजनचे सिलिंडर यंत्राकडे खेचले गेले आणि रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. चुंबक चोवीस तास चालूच असते, हे सोबतच्या नातेवाइकांना सांगितलेच पाहिजे. मंगळसूत्र, जोडवी, नथ, पदराची पिन, केसांतल्या क्लिपा हे सारे बाहेर काढून ठेवावे लागते. सौभाग्याचे लेणे उतरवताना बाई कचरते. तिथे दटावणी नको, सासूबाईंच्या किंवा आईच्या हाती दागिने सोपवण्याइतका वेळ तिला द्यावा.

गरोदरपणात एमआरआयचे उपयोग थोडे, पण मोलाचे आहेत. आधीच्या सिझरच्या व्रणात वार रुतली असल्याची शंका, सोनोग्राफीत न उलगडलेला बाळाच्या मेंदूतील दोष, अपेंडिक्स, मेंदूतील शिरेत झालेली रक्ताची गुठळी. यांतील बहुतेक निदाने कॉन्ट्रास्टशिवाय होतात. बाळाची एमआरआय तपासणी साधारण 18 ते 20 आठवड्यांनंतरच उपयोगी पडते. पहिली तपासणी अर्थात सोनोग्राफीच. आणि गर्भलिंग सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, यंत्र कोणतेही असो.

परिषदेतील सर्वांना स्वागत समितीची एकच विनंती आहे. गरोदर बाईला एमआरआयसाठी पाठवताना चिठ्ठीवर गर्भाचे आठवडे, आधीचे सिझर, शरीरात बसवलेले धातूचे भाग आणि तपासणीचे नेमके कारण स्पष्ट लिहून द्यावे.