लाल दाण्याची झोप

देशभरातून आलेले तणशास्त्रज्ञ, आणि भंडारा-गोंदियाकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या शेतकरी बंधुभगिनींनो,

नागपूरच्या सीताबर्डीत आपलं स्वागत. १९०६ साली सुरू झालेलं कृषी महाविद्यालय इथून हाकेच्या अंतरावर, महाराजबागेला लागून आहे. त्यामुळे धानातल्या तणावरच्या या चर्चेला जागा परकी नाही.

स्वागताध्यक्षाने हार घालावेत आणि बसावं, अशी रीत आहे. पण मी बांधीतून दोन लोंब्या आणल्या आहेत, त्या दाखवल्याशिवाय बसणार नाही. ही पेरलेल्या धानाची. झटकली तरी दाणा सुटत नाही. ही त्यातच तण म्हणून उगवणाऱ्या रानधानाची, शेजारी छत्तीसगडात ज्याला करगा म्हणतात. नुसतं बोट लावलं की दाणे खाली. कुसळ लांब, आणि नखाने तूस काढलं की आत लाल.

नागभीडजवळच्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि एचएमटी धान दिलं. आमच्या बायाही निंदताना वेगळं रोप शोधतात, ते उपटायला. पण निसवेपर्यंत ते ओळखूच येत नाही. रोवणीत निदान ओळ आणि उभं पाणी असतं. आवत्यात, म्हणजे फेकून पेरलेल्या धानात, सगळंच एकसारखं हिरवं.

परतीचा पाऊस कापून ठेवलेल्या कडप्यावर कोसळला की आमचं चांगलं धान तिथेच कोंबारतं. त्याच चिखलात गळलेला लाल दाणा मात्र झोपून राहतो. असं का, ते आपण जाणता. दाणा ओला झाला की अंकुराकडून जिबरेलिन हे संप्रेरक बाहेरच्या थरापर्यंत जातं, तिथे अमायलेज तयार होतं, पिठाची साखर होते आणि कोंब त्या शिदोरीवर निघतो. ॲब्सिसिक आम्ल ही वाट अडवतं. रानधानात दाण्याला लाल रंग देणारं जनुकच हे आम्लही वाढवतं, असं संशोधनात दिसलं आहे. पांढऱ्या तांदळाच्या हौसेत आपण रंगाबरोबर झोपही घालवली, असं मला तरी वाटतं. गंमत म्हणजे जिबरेलिनचा शोधही धानातच लागला: १९२६ साली कुरोसावा यांनी तैवानमध्ये दाखवून दिलं की, रोपं वेड्यासारखी उंच वाढतात ती एका बुरशीच्या स्रावामुळे; त्या स्रावातलं द्रव्य म्हणजेच जिबरेलिन.

उन्हाळ्यात कोरड्या मातीत लाल दाण्याची ही झोप हळूहळू उतरते. पण सगळ्या दाण्यांची एकदम नाही. काही पुढच्या साली उठतात, काही त्याच्याही पुढे. आमचं खरं दुखणं हेच.

म्हणून यजमानाची एकच विनंती. पेरणीआधी बांधी ओलवून लाल दाणा उगवून घ्यायचा आणि वखराने मोडायचा, हा उपाय आम्हाला माहीत आहे. पाणी नेमकं कोणत्या आठवड्यात सोडायचं आणि किती दिवस थांबायचं, ते या दोन दिवसांच्या चर्चेत सांगा. मागच्या तीन रांगांत शेतकरी बसले आहेत. प्रश्नोत्तरांत पहिला माईक त्यांच्याकडे जाऊ द्या.