वादळानंतरचे खारे पाणी



हवामानबदलाविषयी बोलताना आपण बहुधा भविष्यकाळाची भाषा वापरतो. अमुक सालापर्यंत समुद्र इतका चढेल, तमुक सालापर्यंत तापमान इतके वाढेल, अशी ती भाषा असते. बांगलादेशात मात्र ती केव्हाच वर्तमानकाळात आली आहे. सतरा कोटींच्या आसपास लोकवस्तीचा हा देश. जगाच्या वातावरणात दरवर्षी मिसळणाऱ्या हरितगृह वायूंत त्याचा वाटा एक टक्काही नाही. तरीही त्याच्याकडे केवळ दयेच्या दृष्टीने पाहणे मला योग्य वाटत नाही. आपत्तीला तोंड देण्याच्या बाबतीत त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि जेथे तो अडखळला आहे, तेथूनही शिकण्यासारखे आहे.

नोव्हेंबर १९७० मध्ये, हा भाग पूर्व पाकिस्तान असताना, भोला बेटावर व आसपासच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मेली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९७२ साली, सरकार आणि रेडक्रॉस यांनी चक्रीवादळ पूर्वतयारीची योजना सुरू केली. गावोगावचे स्वयंसेवक, कर्णे, भोंगे, निशाणे आणि सायकली ही तिची साधने. पण एप्रिल १९९१ च्या वादळात पुन्हा सुमारे एक लाख चाळीस हजार लोक मृत्युमुखी पडले. इशारा तर दिला गेला होता. मग लोक हलले का नाहीत? निवारे फार थोडे होते. गुरे आणि घर कोणाच्या भरवशावर सोडायचे, हा प्रश्न होता. परपुरुषांच्या गर्दीत शिरण्यास स्त्रिया संकोचल्या, आणि मृतांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट निघाले. इशारा कानावर पडणे आणि त्यानुसार वागता येणे यांत केवढे अंतर असते, हे त्या रात्रीने दाखविले.

त्यानंतर खांबांवर उभ्या असलेल्या शाळा बांधल्या गेल्या. एरवी तेथे वर्ग भरतात, वादळात त्याच निवारा होतात. स्त्रियांसाठी निराळ्या खोल्या आणि गुरांसाठी उंच जागा यांचा विचार होऊ लागला, आणि स्वयंसेवकांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात तीन हजारांवर माणसे गेली. २०२० च्या ‘अम्फान’च्या वेळी, तेही महामारीच्या धामधुमीत, वीस लाखांहून अधिक लोकांना हलविण्यात आले आणि बांगलादेशातील मृतांचा आकडा तिसाच्या आत राहिला. याचे श्रेय उपग्रहांना आहेच. परंतु सायकलवरून दारोदार फिरणाऱ्या माणसाला ते अधिक आहे, असे मी म्हणेन.

वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. मे २००९ च्या ‘आयला’ वादळात मृत्यू त्या मानाने थोडे झाले. पण खुलना आणि सातखिरा जिल्ह्यांतील बांध फुटले आणि काही गावांतून दोन-दोन वर्षे भरतीचे पाणी शेतांत ये-जा करीत राहिले. लोक बांधांवर खोपटी घालून राहिले. तळी खारट झाल्याने पिण्याच्या पाण्यासाठी स्त्रियांना मैलोगणती चालावे लागले. मृतांच्या यादीत याची नोंद होत नाही. या देशातील क्षारबाधित जमीन १९७३ मध्ये सुमारे ८.३३ लाख हेक्टर होती, ती २००९ पर्यंत १०.५६ लाख हेक्टरांवर गेली.

या खारेपणाचा सारा दोष चढत्या समुद्रावर टाकता येणार नाही. १९८० नंतर कोळंबीच्या निर्यातीसाठी कित्येक ठिकाणी बांधांतून नळ घालून खारे पाणी मुद्दाम शेतांत घेतले गेले. आपल्याकडील फराक्का बंधारा १९७५ साली कार्यान्वित झाल्यावर उन्हाळ्यात तिकडे जाणारे गोडे पाणी घटले. भारतीय श्रोत्यांसमोर ही गोष्ट वगळणे सोयीचे खरे, पण प्रामाणिकपणाचे नव्हे. आणि तिसरे कारण म्हणजे खुद्द बांध.

पूर्वी या प्रदेशात ‘अष्टमासी बांध’ घालीत. मातीचा ठेंगणा बांध आठ महिने खारे पाणी अडवी. पावसाळ्यात नद्या गोड्या झाल्या की पाणी आत घेत आणि त्याबरोबर गाळ येई. त्या गाळानेच जमीन उंचावत राही. १९६० च्या दशकात परकीय साहाय्याने बारमाही बांध उभारण्यात आले. आरंभी पिके भरघोस आली, हे नाकारता येत नाही. परंतु शेतात यायचा गाळ आता नदीच्याच पात्रात बसू लागला. नदी वर आली, बंदिस्त जमीन खाली राहिली आणि पावसाचे पाणी निघेना. समुद्र वर चढत असतानाच जमिनीची वाढ थांबली, आणि तीही संरक्षणाच्या नावाखाली.

१९९० साली डाकातिया बील येथे गावकऱ्यांनीच बांध कापला. बील म्हणजे विस्तीर्ण सखल पाणथळ. तो गुन्हाच ठरत होता. १९९७ मध्ये जशोर जिल्ह्यातील भायना बील येथे पुन्हा तसेच झाले. तेथे सुमारे चार वर्षे भरती-ओहोटी आत खेळू दिली, तेव्हा कापलेल्या जागेजवळ जमीन मीटरभराहून अधिक उंचावली आणि नदीचे पात्रही खोल झाले. अभियंत्यांनी या उपायाला पुढे शास्त्रीय नाव दिले आणि सरकारने तो स्वीकारला. शेतकऱ्यांना तो आजोबांपासून ठाऊक होता.

अडचण आहे ती त्या चार वर्षांची. शेत भरतीला दिल्यावर कुटुंबाने खायचे काय? पुढे पूर्व खुकशिया बील येथे सरकारने भरपाई देऊ केली, पण मालकीची कागदपत्रे जुळविता न आल्याने ती अनेकांपर्यंत पोहोचली नाही. बटईने कसणाऱ्याजवळ तर दाखविण्यासारखा कागदच नसतो. म्हणूनच अन्यत्र ही योजना येताच लोकांनी विरोधही केला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता.

हवामानबदलाने झालेल्या हानीसाठी जागतिक निधी उभारण्याचे २०२२ साली शर्म अल-शेख येथे मान्य झाले. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले बांगलादेशचे शास्त्रज्ञ सलीमुल हक ऑक्टोबर २०२३ मध्ये निवर्तले. दुबईच्या परिषदेत तो निधी कार्यान्वित करण्याचा निर्णय झाला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. या पैशातून बांध उंच होतील, निवारेही वाढतील. माझी सूचना एवढीच की, त्यातला काही भाग गाळ बसण्याची वाट पाहणाऱ्या घरांसाठी राखून ठेवावा, आणि तो देताना सातबाऱ्यासारखा उतारा मागू नये.