अर्धी खतं



आज फलटणचा मुक्काम. पाय दुखत असतील, तरी घटकाभर कान इकडे द्या. मायबापहो, तुमच्यातले कितीतरी जण रान पेरून वारीला निघालेत. मागं पाऊस पडला का, उगवलं का, ठाऊक नाही. फोन केला तर पोरगं म्हणतं, "ढग येत्यात आन् जात्यात." तरी तुम्ही चालताय. उद्याचं माहीत नसताना आजचं पाऊल टाकणं, याचंच नाव वारी. विठ्ठल विठ्ठल!

आता तुकोबारायांकडं पाहा. देहूला घर संपन्न. महाजनकी होती, व्यापार होता, लोकांकडं येणं होतं. मग इ.स. १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. थोरली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, व्यापार बसला. उरली काय? लोकांनी लिहून दिलेली खतं. खतं म्हणजे युरियाची गोणी नव्हे बरं का! कर्जाचे कागद. महाराजांच्या मनात आलं, ही खतं इंद्रायणीत बुडवावीत. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, दादा, मला संसार आहे. तेव्हा महाराजांनी काय केलं? खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाटणीची अर्धी इंद्रायणीत सोडली.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि वैराग्य, वैराग्य म्हणून मान डोलावतो. पण त्यात दोन गोष्टी आहेत. उद्या काय खायचं, हे ठाऊक नसताना महाराजांनी निर्णय घेतला, तो स्वतःच्या मनाला विचारून. आणि दुसरी गोष्ट, भावाच्या वाटणीला हात लावला नाही. ज्याचं त्यानं ठरवावं!

ही दुसरी गोष्ट मी विसरलो होतो. मायबापहो, आज तुमच्यापुढं कबूल करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावी कीर्तन झालं. सकाळी एक शेतकरी पाया पडला. म्हणाला, "महाराज, काल मृगाचा पाऊस झालाय. सोयाबीन पेरू का?" गळ्यात हार होता, मान मिळाला होता. मी म्हणालो, "पेरा अण्णा, पांडुरंग पाठीशी आहे." त्यानं चारी एकर पेरलं. पुढं अठरा दिवस थेंब नाही. बियाणं मातीतच गेलं. बायकोची पोत गहाण ठेवून दुबार पेरणी केली.

पुढच्या साली भेटला. एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "देवाची इच्छा, महाराज." मला रात्रभर झोप नाही. देवाची इच्छा कसली? माझी जीभ होती ती! मी त्याचं रान पाहिलं नव्हतं, ओल पाहिली नव्हती. मला माहीत नव्हतं आणि "माहीत नाही" म्हणायची लाज वाटली.

सकाळी उठून मी त्याच्या घरी गेलो. हात जोडले. म्हटलं, "अण्णा, पेरणीचं मला विचारू नका. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाला का, ते बघा. रान उकरून ओल कुठवर गेली ते बघा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, किती उगवतात ते मोजा. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. एवढं करून तुम्हीच ठरवा. त्यापुढचं पांडुरंगावर."

त्या साली त्यानं दाणे मोजले, ऐंशीवर उगवले. रान उकरून पाहिलं. आणि स्वतःच्या डोक्यानं दोन एकर पेरलं, दोन एकर राखून ठेवलं. मला विचारलं नाही! पाऊस पुन्हा लांबला. पेरलेलं थोडं विरळ झालं, पण ओल होती म्हणून टिकलं. राहिलेलं पुढच्या पावसावर पेरलं. पोत गहाण पडली नाही.

मला सांगा, त्याची भक्ती कमी झाली का? तो दर एकादशीला उपास करतो, दर साली वारीला येतो. फक्त स्वतःच्या वाटणीचा विचार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकत नाही.

तेव्हा आयाबायांनो, पोरीला कुठं द्यायची हे पत्रिकेला विचाराल, बुवाला विचाराल. आधी पोरीला विचारा. बापांनो, पोरानं काय शिकावं हे ठरवताना त्याच्या वाटणीची खतं नदीत टाकू नका. आणि कुणी महाराज, अगदी मीसुद्धा, छातीठोकपणे उद्याचं सांगायला लागलो, तर नमस्कार करा आणि घरी जाऊन रान उकरून बघा.

उद्याचं माहीत नाही, हे कबूल करायला लाज कसली? पांडुरंग विटेवर उभा आहे तो तुमच्या बदल्यात विचार करायला नव्हे. तुम्ही विचार करून पाऊल टाका, ते चुकलं तरी तो तुम्हाला सोडणार नाही.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!